ओलीचे नऊ फोटो

...आणि वर म्हणतो कसा, "तूच म्हणालीस, काढ!"

म्हणाले ना! मी कुठे नाही म्हणतेय? माझ्याच तोंडाने म्हणाले. साक्षीदार होती आमची मुलगी भिंगरी, तिच्या डोक्यावर शाम्पूचा फेस होता, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्या फेसात होते, आणि बाथरूमच्या दारात नवरा माझा फोन घेऊन उभा. फोन म्हणत होता, जागा नाही. तीन दिवस तो तेवढंच म्हणत होता, काहीही करायला गेलं की जागा नाही, जागा नाही, भरलेल्या बसच्या कंडक्टरसारखा. म्हणून मी म्हटलं, "अरे, त्यातले भिंगरीचे सगळे फोटो काढ." तो म्हणाला, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे." तो म्हणाला, "नक्की?" बघा हं, माणसाने दोनदा विचारलं, हे मी सांगितलंच पाहिजे, नाहीतर म्हणेल माझी बाजू मांडली नाहीस. आणि मी, डोळ्यांत साबण गेलेली, कोळंबीसारखी निसटणारी मुलगी एका हाताने धरून ओरडले, "हो रे बाबा, एकसुद्धा ठेवू नकोस त्यात!"

एकसुद्धा ठेवला नाही हो.

वीस मिनिटांनी आला तो असा खुशीत, जणू घर रंगवून आलाय. "काढले! चार हजार तीनशे बारा! आणि ते नंतर कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतात ना, तो डबापण रिकामा केला. आता बघ कसा पळतोय फोन!"

पळत होता. खरंच पळत होता. अंगावर काही ओझंच नाही म्हटल्यावर कोणीही पळेल.

तुम्ही हसताय. हसा. मीसुद्धा आता हसते, त्या दिवशी टॉवेल हातात धरून बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले होते, आणि ओली मुलगी घरभर नागडी नाचत होती, आणि मला पहिला विचार काय आला सांगू? याचा फोटो काढायला पाहिजे!

आता तुम्हाला सांगते, दोष त्याचा नाही, माझाही नाही, दोष आहे त्या शब्दाचा. मी लॅबमध्ये काम करते, रक्त-बिक्त तपासतात तिथे. आमच्याकडे रक्त काढतात. काढतात म्हणजे काय, ओतून देतात? काढतात, बाटलीत भरतात, बाटलीवर चिठ्ठी चिकटवतात, चिठ्ठीवर नाव, वय, तारीख, वेळ, आणि मग ती बाटली अशी दोन बोटांत धरून नेतात की बाळसुद्धा कोणी इतकं जपून नेत नाही. नवरा आहे गोदामात. त्यांच्याकडे माल काढतात. मांडणीवरून माल काढला, गाडीत भरला, गाडी गेली, मांडणी मोकळी, साहेब खूश. माझं काढणं ठेवण्यासाठी, त्याचं काढणं घालवण्यासाठी, आणि पाच वर्षं आम्ही एका घरात राहून एकमेकांना "काढ, काढ" म्हणतोय आणि आजवर काही बिघडलं नाही, कारण आजवर बहुतेक केरच काढायचा होता! मला म्हणायचं होतं, फोनमधून काढ आणि कॉम्प्युटरवर ठेव. ते ‘आणि ठेव’ साबणाबरोबर मोरीत गेलं.

पण मुळात हे काढायचं का निघालं? तर फोटोकाकांच्या त्या फॉर्ममुळे!

फोटोकाका म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा स्टुडिओ होता ते. चाळीस वर्षं त्यांनी ओळखपत्राचे फोटो काढले. "हनुवटी खाली, नजर वर, कान दिसू देत," हे ते आता भाजी घेतानाही म्हणतात असा मला संशय आहे. दुकान बंद झालं, पण माणूस बंद होतो का? त्यांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं, हौशी लोकांच्या रोजच्या फोटोंचं. घरोघरी जाऊन फॉर्म वाटले. मलाही दिला, का, तर मी सतत फोन डोळ्यांसमोर धरून चालते आणि एकदा त्यांच्यावरच आदळले होते. फॉर्मवर नाव, पत्ता, आणि खाली तीन चौकटी. पहिली, ‘नोंद’. दुसरी, ‘सहज’. तिसरी, ‘कला’. आणि त्याखाली जाड ठशात, "कोणत्याही एकाच चौकटीत खूण करावी."

एकाच!

मी चिठ्ठ्या लावणारी बाई आहे हो. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की मी हातातलं काम टाकून उठते. मला ती चौकट रात्रंदिवस छळायला लागली. म्हटलं, सगळे फोटो एकदा फोनमधून कॉम्प्युटरवर घेऊ आणि नीट निवडू. म्हणजे बघा, भिंगरीचा पहिला दात. मी तो रोज काढायची, फोटो हो, दात नव्हे, रोज सकाळी, खिडकीपाशी, त्याच उशीवर, किती वर आला ते बघायला. ही नोंद झाली ना? पण एके दिवशी ऊन असं तिरपं आलं आणि त्या एवढ्याशा दातावर चमकलं, आणि मी चौदा फोटो काढले, आणि त्यातला एक इतका सुंदर आला की मी लॅबमध्ये गुपचूप उघडून बघायची. ती कला? आणि तेराव्या फोटोत तिने मला चावलंय, नुसता हललेला अंगठा आहे. तो सहज? आता मला सांगा, हे कुठल्या चौकटीत बसतं?

काकांना विचारलं तर म्हणाले, "अगं पोरी, तुम्ही हल्ली फोटो काढत नाही, गोळा करता. माझ्या वेळी एका रोलमध्ये छत्तीस असायचे. छत्तीस! माणूस विचार करायचा, श्वास धरायचा, मग बोट दाबायचा. तू एका दाताचे चौदा काढतेस, त्यात श्वास कुठेय?"

लागलं मला ते. कारण ते मला आधीच वाटत होतं! मी बघते का तिला, की नुसती धरते? तिने पहिल्यांदा फुगा पाहिला तेव्हा तिचं तोंड कसं झालं होतं, हे मला आठवतं का, की त्याचा फोटो आठवतो? पण न काढून तरी कसं चालेल? माझ्या आईला मी एकदा विचारलं, "आई, मी पहिल्यांदा उभी कधी राहिले?" आई कणीक मळत होती, वरसुद्धा बघितलं नाही. "राहिलीस कधीतरी. आता राहतेयस ना? मग झालं!" झालं! माझ्या लहानपणाचा एकच फोटो आहे, कोणाच्या तरी लग्नातला, त्यात मी मागच्या रांगेत आहे आणि माझ्यासमोर कोणाचा तरी खांदा आहे. म्हणून मी ठरवलं होतं, माझ्या मुलीने काही विचारलं तर "कधीतरी" हा शब्द तिला ऐकवायचा नाही. तारीख, वार, वेळ, पुरावा. विचार, काय विचारायचं ते!

आणि गेलं ना सगळं. चार हजार तीनशे बारा उत्तरं, डब्यासकट साफ.

नवऱ्याचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं. त्याला कळलं, हळूहळू, वरून खाली, पाणी उतरतं तसं कळलं. आधी म्हणाला, "ते वर कुठेतरी ढगात साठतं ना सगळं?" साठत होतं. पण ढगही भरला होता म्हणून मी तो सहा महिन्यांपूर्वीच बंद केला होता आणि आधीचं मी कॉम्प्युटरवर उतरवीन असं म्हणून तिथलं सगळं पुसलं होतं. उतरवीन! मग म्हणाला, "आईकडे असतील, तू रोज पाठवायचीस." लावला सासूबाईंना फोन. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझा फोन जड होतो म्हणून मी ठेवत नाही, पण छान छान होते ते ठेवलेत हो!" आले अकरा. त्यातल्या नऊ फोटोंवर गुलाबाची वेल, दोन पोपट, आणि भिंगरीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत ‘शुभ सकाळ’! आमची मुलगी गेली दोन वर्षं सासूबाईंच्या अख्ख्या भजनी मंडळाला रोज सकाळी उठवत होती, आणि आम्हाला पत्ता नाही! तो दातावरच्या उन्हाचा फोटोही त्यात होता. पण दात नेमका ‘सकाळ’मधल्या ‘स’च्या मागे. आता मला सांगा, हे कुठल्या चौकटीत बसतं?

मी रडले नाही. म्हणजे रडले, पण कपडे वाळत घालताना, ते मोजायचं नसतं. नवरा मागे मागे. गोदामात वीस माणसांवर हुकूम चालवतो, पण त्या दिवशी चिमटे पुढे करत उभा. शेवटी म्हणाला, "आपण परत काढू या का?"

"काय परत काढू या?"

"ते... आधीचे. तिचे जुने कपडे आहेत ना."

आणि माणसाने खरंच माळ्यावरून पिशवी काढली हो! तिसऱ्या महिन्याचं झबलं दोन वर्षांच्या मुलीला घालायला बसला. ते जेमतेम टोपीसारखं डोक्यावर बसलं. मग तिला त्या छोट्या टबमध्ये बसवलं, आंघोळीच्या, ती बसली, पाय दोन्हीकडून बाहेर, आणि टबासकट उठून चालायला लागली, कासवासारखी, पाठीला टब. आणि हा मागून, "अगं आडवी हो, तू तान्ही आहेस! सोनू, तू तान्ही आहेस ना?" ती म्हणाली, "नाही. मी मोठी." तेव्हा कुठे त्याने टब सोडवला आणि तिला मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, "मोठी झालीस होय? आणि मी तेवढं सगळं..." त्या दिवशी मी त्याच्यावर काढायचा म्हणून जो राग जपून ठेवला होता, तो तिथेच निम्मा गेला.

उरलेला निम्मा दुसऱ्या दिवशी गेला. ऐका.

लॅबमध्ये दुपारचा निवांत वेळ, बाटल्या मशीनमध्ये फिरतायत, मी सवयीने फोन उघडला. फोटो होते की त्यात! तीनशे-साडेतीनशे होते. भिंगरीचे काढले होते, बाकीचे कशाला काढेल तो? मोफत दिलं तरी कोणी घेणार नाही असा माल. आता हे झालं कसं, तर आमच्या फोनला चेहरे ओळखता येतात. मागे फोनने मला विचारलं होतं, "ही कोण?" मी लिहिलं होतं, भिंगरी. तेव्हापासून जिथे जिथे तिचं तोंड दिसेल तो फोटो तो तिच्या खात्यात टाकायचा. नवऱ्याने ते खातं उघडलं, सगळ्यांवर खूण केली, काढलं. उरले ते माझे कामाचे फोटो. विजेच्या मीटरचा आकडा. धुलाईयंत्राने दाखवलेली चूक, डॉक्टरांना पाठवायचा थर्मामीटर, औषधाच्या पाकिटावरचं नाव, ते मला वाचता येतं पण उच्चारता येत नाही. गाडी कुठल्या खांबाशी लावली त्याचा नंबर. लॅबचं पाळ्यांचं वेळापत्रक. म्हटलं, वा! मुलगी गेली आणि मीटर राहिला!

आणि पुसायलाच निघाले होते हो. बोट ठेवलं होतं. तेवढ्यात थर्मामीटरच्या फोटोत खाली कोपऱ्यात काहीतरी दिसलं. मोठं करून बघितलं. मूठ. थर्मामीटरचं दुसरं टोक धरलेली, एवढीशी, खळ्या पडलेली मूठ.

मग मी धुलाईयंत्र बघितलं. त्याच्या गोल काचेत मागची अख्खी खोली वाकडी होऊन दिसतेय, आणि त्या वाकड्या खोलीत जमिनीवर एक वाकडं बाळ बसलंय, तोंडात माझी चप्पल. खांब क्रमांक सत्तावीसच्या तळाशी एक शेंडी. वेळापत्रकाच्या शुक्रवारवर केळ्याने बरबटलेलं बोट. मीटरच्या फोटोत मीटर धड नाहीच, अर्धी चौकट एका पाठमोऱ्या डोक्याने खाल्लीय, आणि त्या डोक्यावरचा तो भोवरा, अहो, तो मी अंधारात हात फिरवून ओळखीन! फोनला नाही ओळखता आला. फोनला तोंड लागतं. मला टाच पुरते.

अगं बाई! अख्खी मुलगी होती त्यात! तुकड्यातुकड्यांत, कडेकडेने, मी तिच्याकडे बघतच नव्हते तेव्हाची!

आणि मग तो ओलीचा डाग.

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला ओल आहे. वरून कुठून तरी पाणी झिरपतं. दीड वर्ष मी घरमालकांना दर दोन महिन्यांनी त्याचा फोटो पाठवते, "काका, डाग वाढतोय, बघा," आणि ते दर दोन महिन्यांनी उलट एक अंगठा पाठवतात. एवढाच आमचा पत्रव्यवहार. वाढ कळावी म्हणून मी मुद्दाम एकाच जागी उभी राहून काढायची, सोफ्याच्या कडेला गुडघा टेकून. नऊ फोटो. मी ते एकापाठोपाठ सरकवले.

पहिल्यात डाग बशीएवढा, आणि खाली, भिंतीकडे तोंड करून, सात महिन्यांची भिंगरी बसलीय. दुसऱ्यात डाग ताटाएवढा, आणि भिंगरी दोन्ही पंजे भिंतीला लावून उभी. उभी! मी तारीख बघितली. मंगळवार, सकाळी नऊ वाजून सात मिनिटं. आणि तुम्हाला सांगते, मी ती तारीख तीनदा वाचली, कारण ती पहिल्यांदा उभी राहिली तो आमचा अधिकृत दिवस शनिवार! शनिवारी आम्ही टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, सासूबाईंनी त्यावर फुलं पाठवली, व्हिडिओ गेला तरी ती अजून तिथे आहेत! आणि चार दिवस आधी, मंगळवारी, मी ओलीवर नजर लावून, "शी, किती पसरलीय," म्हणत बोट दाबत होते, आणि माझ्या पुढ्यात माझी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहत होती. टाळी नाही, काही नाही. एकटीच. तीसुद्धा ओलच बघत होती.

श्वास धरला नव्हता, फोटोकाका, मी. पण आत्ता धरला.

चौथ्या फोटोत ती भिंत सोडून उभी आहे, झोकांड्या खात असणार, कारण चौकटीच्या डाव्या कडेने दोन हात आत आलेत. नुसते हात. मनगटावर गोदामात बांधतात तो निळा पट्टा. तिला धरलेलं नाही, नुसते तिच्या दोन्ही बाजूंना, चार बोटं अंतर ठेवून, तसेच. केवढा वेळ तो असा वाकून उभा असेल? मला आठवत नाही. मी डाग बघत होते ना. तर तो उरलेला निम्मा राग, म्हटलं ना, तो तिथे गेला. घरी जाऊन त्याला फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "माझे हात इतके जाड आहेत?"

आता मला सांगा, हे कुठल्या चौकटीत बसतं?

नऊ छापून घेतले आणि फोटोकाकांकडे नेले. चौकट कोरी. म्हटलं, तुम्हीच लिहा. काकांनी टेबलावर नऊ मांडले, पत्ते मांडतात तसे. चष्मा वर केला, खाली केला. "ही तर नोंद आहे. तारखा आहेत, जागा तीच, अंतर तेच." पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "पण पोरीला तू उभी नाही केलीस?"

"नाही हो. ती आलीच कशी फोटोत, तेच माहीत नाही."

"मग सहज." टोपण लावलं. पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. चौथ्यावर थांबले. चाळीस वर्षं लोकांच्या हनुवट्या खाली केलेला माणूस, त्या हातांवर बोट ठेवून स्वतःचीच हनुवटी खाली करून बसला. मग म्हणाले, "माझ्याकडे लोक पोरांना घेऊन यायचे. पोर एकटं बसत नसलं की बाप मागे, पडद्याआड, हात धरून. आणि मी तो हात दिसू नये म्हणून केवढी खटपट करायचो. कापून टाकायचो गं. शेकडो हात कापले असतील मी."

आणि फॉर्म त्यांनी घडी करून खिशात ठेवला. चौकट कोरीच. "हे आपण आधी भिंतीवर लावू," म्हणाले, "खूण काय, मागाहून करता येईल."

लावले. हॉलच्या दारासमोर, नऊ एका ओळीत. लोक थांबत होते हो! एक जण म्हणाला, "काय पोत आहे त्या भिंतीचा!" एक बाई म्हणाल्या, "डाग म्हणजे काळ, बरं का, काळ पसरतोय." मी म्हटलं, "नाही हो, वरच्यांची मोरी गळतेय." त्या म्हणाल्या, "किती साधेपणाने बोलता तुम्ही!" भिंगरी बापाच्या खांद्यावरून सगळ्यांना सांगत होती, "ती मी. ती पण मी," आणि चौथ्यापाशी आली की, "तो बाबा," म्हणून त्याच्या डोक्यावर थापट्या मारत होती.

आणि संध्याकाळी कोण यावं? घरमालक! मी म्हटलं, चला, हे तरी झालं. फोनवर बघितलं नाही, निदान भिंतीवर तरी बघा आपली भिंत. चारचौघांत लाज वाटेल, उद्या गवंडी येईल. ते पहिल्या फोटोपासून नवव्यापर्यंत गेले, परत उलटे आले. दहा मिनिटं. खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले, खरंच टिपले, आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "ताई, मला माफ करा. मला कळलंच नव्हतं हो, तुम्ही काय पाठवताय ते. मी गवंड्याला उद्याचं सांगून ठेवलं होतं, आत्ता फोन करून नको म्हटलं. असल्या भिंतीला हात लावायचा नसतो."

"अहो काका, पण ओल..."

"छे छे! मी असेपर्यंत कोणी हात लावणार नाही!"

झालं! दीड वर्ष ती नोंद होती तर कोणी बघितली नाही, एका संध्याकाळी कला झाली तर दुरुस्ती बंद! म्हणून तुम्हाला सांगते, पोटतिडकीने सांगते, घरातल्या गळतीचा फोटो काढायचा झाला तर वाईट काढा. हलवा जरा हात. मुलाबाळांना बाजूला करा.

मला तर आता तेही जमत नाही. परवा दहावा काढला. डाग खिडकीपर्यंत पोचलाय, प्लास्टर फुगलंय, खाली बादली ठेवलीय, आणि भिंगरी आता न सांगता जाऊन पाठमोरी उभी राहते. पाठवला. वर लिहिलं, "काका, आता खरंच पाणी ठिबकतंय."

पूर्वी निदान अंगठा यायचा. या वेळी दोन मिनिटांत उत्तर आलं, "वा! मागच्या नऊंपेक्षा सरस!"